झील धरणं म्हणजे अभ्यासापासून पळणं का?

प्रश्न : ताई, मी तेवीस वर्षांचा. औसा तालुक्यातला, लातूरला खोली करून राज्यसेवेची तयारी करतोय. दोनदा पूर्व निघाली नाही. अभ्यासिकेत दिवस दिवस कुणाशी बोलणं होत नाही, रात्री डोळा लागत नाही. महिनाभर झाला, मित्राच्या आग्रहानं दर गुरुवारी गल्लीतल्या भारूड मंडळात जातो. गळा नाही, म्हणून मागं झील धरतो, म्हणजे पुढच्याच्या मागून सगळ्यांसोबत धृपद म्हणतो. त्या रात्री मात्र शांत झोप लागते. बाबा म्हणतात, "आधी पास हो, मग काय नाचायचं ते नाच." मी पळतोय का?

उत्तर : नाही रे बाळा.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आदल्याच दिवशी गणपती बोळवले होते. घर गेलं, आजी गेली. पुढं दोन महिने मी कुणाशी धड बोलले नाही. पत्र्याच्या शेडमध्ये संध्याकाळी बायका भजनाला बसायच्या. एका काकूंनी काही न विचारता माझ्या हातात टाळ दिला. बरेच दिवस नुसता वाजवला. मग एकदा सगळ्यांसोबत धृपद माझ्याही तोंडून निघालं, आणि भूकंपानंतर पहिल्यांदा मला रडू आलं. आजीचं दुःख गेलं नाही, पण आईशी बोलायला लागले.

झीलकऱ्याला पुढच्याचं नीट ऐकावं लागतं, त्याच्या श्वासासोबत श्वास घ्यावा लागतो. तेवढा वेळ 'कटऑफ' डोक्यात शिरत नाही. शिवाय तू एखाद्या गुरुवारी गेला नाहीस तर पखवाजवाला विचारणार, "का रे, कुठं होतास?" अभ्यासिकेत तुझी खुर्ची रिकामी दिसली की दुसरा कुणी बसतो.

इंग्लंडमधल्या संशोधकांनी प्रौढांच्या गाण्याच्या, हस्तकलेच्या आणि लेखनाच्या वर्गांवर सात महिने लक्ष ठेवलं होतं. २०१५ साली ते प्रसिद्ध झालं. गाणाऱ्यांची आपसात जवळीक पहिल्याच महिन्यात झाली, बाकीच्यांना वेळ लागला. सात महिन्यांनी मात्र सगळे वर्ग सारखेच जवळ आले होते. म्हणून तुझ्या ज्या मित्राला गाणं नको, त्यानं चित्रं काढावीत, पथनाट्यात उभं राहावं. पण चार जणांत, आणि टिकून.

बाबांना एकदा गुरुवारी सोबत घेऊन जा. वाद घालू नकोस, फक्त बसव. पैठणच्या नाथांचं भारूड त्यांना तुझ्याआधीपासून ठाऊक आहे.

आता माझी काळजी. आठवड्यातली एक रात्र झोप लागते, सहा रात्री नाही, हे मी दोनदा वाचलं. एवढा भार एकट्या भारुडावर टाकू नकोस. सरकारी रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांना याच आठवड्यात भेट. रात्री फार जड वाटलं, जीव नकोसा झाला, तर लगेच १४४१६ हा टेली-मानसचा नंबर लाव. चोवीस तास, मोफत, मराठीतही बोलता येतं. आणि मित्रालाही उठव.

डॉक्टरांकडे जायला गुरुवारची संध्याकाळ तेवढी धरू नकोस.