आधी स्पिटफायर, मग मिग

प्रिय मित्रा,

पहिलं प्लास्टिक मॉडेल म्हणून मिग-२१ हे लढाऊ विमान करायचंय, आणि तेही चकचकीत चंदेरी, हे तुझं म्हणणं कळतं. नाशिकजवळ ओझरला १९६४ साली एचएएलचा (हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा) कारखाना उभा राहिला तो याच विमानासाठी. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला हवाई दलाने त्याला निरोप दिला. ते आपल्या कपाटात असावं असं वाटणं साहजिक आहे. तरीही पहिलं मॉडेल म्हणून ते घेऊ नकोस. चंदेरी रंग काहीच झाकत नाही. सांध्यातली केसाएवढी फट, पॉलिश पेपरचा ओरखडा, बोटाचा ठसा, सगळं उठून दिसतं. हिरव्या-तपकिरी पट्ट्यांचा रंग नवख्या हाताला बराच सांभाळून घेतो. म्हणून एअरफिक्स या मॉडेल-किटच्या ब्रिटिश कंपनीचं १/७२ मापाचं स्पिटफायर मार्क वन, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं ब्रिटिश लढाऊ विमान, घे. खऱ्या विमानाचे पंख ११.२३ मीटर, मॉडेलचे साधारण साडेपंधरा सेंटीमीटर. १/७२ हे माप विचित्र वाटतं, पण हिशेब सरळ आहे: खऱ्या सहा फुटांना मॉडेलवर एक इंच.

हत्यारं थोडीच लागतात. एका बाजूने सपाट पात्याचा निपर (भाग कापायची छोटी पक्कड), बारीक टोकाचा कटर, चिमटा, मास्किंग टेप, ४००, ६०० आणि १००० नंबरचे पॉलिश पेपर, आणि पातळ प्लास्टिक सिमेंटची एक बाटली. वायरमनचा कटर निपर म्हणून वापरू नकोस. त्याची धार दोन्हीकडून उतरती असते, ती प्लास्टिक कापण्याआधी चेपते. एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनासारखं हत्यार, आत्ता नको. तो पैसा पुढच्या दोन किटना ठेव.

खोकं उघडलंस की भाग जिला चिकटून येतात त्या प्लास्टिकच्या सगळ्या चौकटी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने धू आणि पंख्याखाली वाळव. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं तेल प्लास्टिकवर राहिलेलं असू शकतं, आणि त्यावर रंग धरत नाही. काम परातीत कर आणि टेबलाखाली पांढरी चादर पसर. चिमट्यातून उडालेलं चाक फरशीवर सापडत नाही, चादरीवर सापडतं.

भाग चौकटीतून कापताना दोनदा काप. पहिल्यांदा भागापासून दोन-तीन मिलिमीटर लांब, मग निपरची सपाट बाजू भागाकडे ठेवून उरलेला खुंट. एकाच झटक्यात लगत कापलंस तर तिथे पांढरा डाग उमटतो, नाहीतर छोटा खड्डा पडतो. तो बुजवण्यात अर्धा तास जातो.

आता धडाचे दोन अर्धे. सगळं मॉडेल इथे बिघडतं किंवा इथेच जमतं, म्हणून घाई करायचीच नाही. वैमानिकाची जागा आतून आधी रंगवून घे. नंतर जोडाच्या कडांवर गेलेला रंग कटरने खरवडून काढ. प्लास्टिक सिमेंट हा डिंक नव्हे. ते दोन्ही कडा किंचित विरघळवून एकजीव करतं. मध्ये रंग आला की विरघळायला प्लास्टिकच मिळत नाही, आणि चार दिवसांनी सांधा हातात उकलतो.

सिमेंटची बाटली उघडण्याआधी दोन्ही अर्धे कोरडेच जुळवून टेपने बांध आणि उजेडासमोर धर. फट दिसली तर कारण शोध: बहुतेक वेळा आतल्या जागेचा एखादा कोपरा कडेला अडत असतो. तो घास, पुन्हा जुळव. कोरडं नीट बसलं की मगच सिमेंट. भाग हातात धरून ब्रशचं टोक सांध्याला नुसतं टेकव; पातळ सिमेंट आपणहून फटीत पसरत जातं. मात्र टेपच्या कडेला किंवा बोटाखाली ब्रश नेऊ नकोस, ते खाली शिरतं आणि बोटाचा ठसा प्लास्टिकवर कायमचा उमटतो. अर्धा मिनिट थांबून दोन्ही अर्धे हलके दाब. सांध्यातून विरघळलेल्या प्लास्टिकची बारीक वळी वर यायला हवी. ती आली म्हणजे आत पोकळी राहिली नाही. तिला पुसू नकोस. चोवीस तास तशीच ठेव, मग आधी ४००, मग ६००, शेवटी १००० नंबरने पाणी लावून घास. मऊ असतानाच घासलंस तर दोन दिवसांनी प्लास्टिक आक्रसतं आणि रंगाखाली चर दिसू लागतो. पहिली मॉडेलं बऱ्याचदा या एका कारणाने बिघडतात.

पंख धडाला मिळतात तिथे वरून फट राहिली तर लगेच पुट्टी भरू नकोस. एका पंखाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वरून टेप ताणून लाव. पंख किंचित वर उचलले जातात, फट मिटते, आणि स्पिटफायरच्या पंखांना हवा तो उठावही येतो. टेप तशीच ठेवून सिमेंट लाव.

वैमानिकाच्या जागेवरच्या काचेसारख्या पारदर्शक झाकणाला प्लास्टिक सिमेंट नको, फेविक्विकही नको. फेविक्विकच्या वाफेने काच धुरकट होते. साधा पांढरा फेविकॉल टूथपिकने लाव. वाळला की पारदर्शक होतो, आणि चुकला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

रंगासाठी पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक आणि सहा मिलिमीटरचा चपटा सिंथेटिक ब्रश पुरे. आधी स्प्रेच्या डब्यातला राखाडी प्रायमर (रंगाखालचा पहिला थर), वीसेक सेंटीमीटरवरून, हलके फवारे, खिडकी उघडी आणि तोंडावर मास्क. पावसाळ्यात मुसळधार सुरू असताना स्प्रे करू नकोस. दमट हवेत थर खरखरीत किंवा पांढुरका होतो. रंग पातळ करून दोन-तीन हात दे. पहिला हात डागाळलेला, ओघळलेला दिसेल. तो दिसतोच. अर्धवट ओल्यावर पुन्हा ब्रश फिरवलास तर खालचा थर उचलून येतो, म्हणून प्रत्येक हातानंतर निदान तासभर थांब.

चिन्हांच्या डिकलआधी, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या पातळ चित्रांआधी, ग्लॉस (चकचकीत) वार्निश हवंच. मॅट रंग सूक्ष्म खरखरीत असतो. त्यावर डिकल लावलं की खाली हवा अडकते आणि ते रुपेरी दिसतं. डिकल कोमट पाण्यात पंधरा-वीस सेकंद बुडव, बाहेर काढून मिनिटभर ठेव, आणि कागदावरून आपणहून सरकेल तेव्हाच मॉडेलवर सरकव. दुसऱ्या दिवशी सगळ्यावर मॅट वार्निशचा एक हात.

त्यानंतर मिगचं खोकं उघड. स्पिटफायर शेपटीवर टेकतं, मिग नाकाखालच्या चाकावर उभं राहतं, त्यामुळे नाकात वजन नसेल तर ते शेपटीवर बसतं. धड बंद केल्यावर वजन घालता येत नाही. सूचनापत्रात ग्रॅम दिले नसतील तर सगळे भाग टेपने बांधून मागच्या चाकांच्या जागी खाली पेन्सिल ठेव आणि नाकावर मासेमारीच्या गळाचे छोटे छर्रे टेपने लावत जा. नाक खाली झुकलं की आणखी दोन छर्रे जास्त घे, आणि ते नाकाच्या आत फेविकॉलने नव्हे, इपॉक्सीने बसव.

तुझा,
एक मॉडेलकार