‘देव चांगला आहे’ हे शब्द माझ्या ओठांवर येत नाहीत

पत्र: माझ्या पतींना चौदा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. घरच्या प्रार्थनेत मोठ्याने प्रार्थना करणारे ते. आता त्यांच्या तोंडून केवळ अस्पष्ट हुंकार निघतो. चर्चच्या मंडळीने उपास-प्रार्थना केल्या, पण फरक पडला नाही. कोणी म्हणते, तुमचा विश्वास कमी पडला. कोणी म्हणते, यात देवाची काही योजना असेल. उपासनेत सगळे ‘परमेश्वर चांगला आहे’ असे म्हणतात, तेव्हा माझे ओठ मिटलेले असतात. परवा दहा वर्षांच्या मुलाने विचारले, ‘‘आई, देव खरंच चांगला आहे का?’’ मी ‘हो’ म्हणाले आणि खोटे बोलल्यासारखे वाटले. हल्ली सकाळी उठूच नये असे वाटते. मी विश्वासातून ढळले आहे का?

प्रिय भगिनी,

प्रभूच्या नावाने सलाम. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते: नाही, तुम्ही ढळलेल्या नाहीत. जिचा विश्वास संपला आहे, तिला मुलाला दिलेले ते ‘हो’ इतके टोचले नसते.

‘विश्वास कमी पडला’ हे बोलणे तुम्ही मनातून काढून टाकावे, असे मी अगदी ठामपणे सांगते. गेथशेमाने बागेत प्रभू येशूने दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली आणि तो प्याला टळला नाही. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे सततची एक पीडा, निघावी म्हणून तीनदा विनंती केली आणि तो काटा राहिला. यांच्या विश्वासात कोणती उणीव होती, हे ज्याला सांगता येईल त्यानेच तुमच्या विश्वासाचे माप काढावे. सर्वस्व गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोवर ते खरे मित्र होते. तोंड उघडून त्यांनी कारणे सांगायला सुरुवात केली आणि अखेरीस परमेश्वराने दोष दिला तो त्यांना, तक्रार करणाऱ्या ईयोबाला नव्हे.

‘योजना’ सांगणाऱ्यांच्या मनात रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन असते: देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात. ते वचन खरे आहे आणि मी त्यावर विसंबून जगते. पण ते म्हणते ‘मिळून’. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर ती चांगलीच असते, असे ते म्हणत नाही. तुमच्या पतींचा आजार चांगला नाही, आणि त्याला चांगले म्हणण्याची सक्ती देवाने तुमच्यावर केलेली नाही. शिवाय, हे वचन सांगणारे बहुतेक जण त्याआधीची वचने ओलांडून येतात. बाविसाव्या वचनात सारी सृष्टी कण्हत आहे, तेविसाव्यात आपण स्वतः कण्हत आहोत, आणि सव्विसाव्यात तर पवित्र आत्माच आपल्यासाठी शब्दांत न सांगता येणाऱ्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. तुमच्या पत्रातला तो हुंकार वाचताना मला हेच वचन आठवले. ते पूर्वी मोठ्याने प्रार्थना करत असत, असे तुम्ही लिहिता. ते आजही प्रार्थना करत असतील, आणि जिथे शब्दांवाचून भागते तिथे ती पोहोचत असेल, हे मला सांत्वनापुरते वाटत नाही, खरे वाटते. रात्री प्रार्थनेच्या वेळी त्यांचा चालणारा हात धरून बसा आणि त्यांचा हुंकार झाल्यावर ‘आमेन’ म्हणा.

आता तुमच्या मिटलेल्या ओठांविषयी. यरुशलेम उद्ध्वस्त झाल्यानंतरचा शोक बायबलातल्या विलापगीत या पुस्तकात आहे. ते शहर इ.स.पू. 587च्या सुमारास पडले. मंदिर जळाले आणि मुले भुकेने रस्त्यांत कोसळली. त्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात, अठराव्या वचनात, बोलणारा माणूस म्हणतो की परमेश्वराविषयीची माझी आशा नष्ट झाली. आणि त्याच अध्यायाच्या पंचविसाव्या वचनात तोच माणूस म्हणतो की परमेश्वराची वाट पाहणाऱ्यांना परमेश्वर चांगला आहे. मधल्या सहा वचनांत शहर पुन्हा उभे राहिलेले नाही, कोणी मेलेले जिवंत झालेले नाही, परिस्थिती तसूभरही बदललेली नाही. मध्ये एवढेच घडते की तो एक गोष्ट मुद्दाम आठवतो: देवाच्या करुणेला खंड पडत नाही आणि ती रोज सकाळी नवी होते. तुम्ही उपासनेत जे वाक्य म्हणू शकत नाही, ते इथे आशा संपल्याची कबुली देऊन मग आलेले आहे. ती कबुली खोडून आलेले नाही. आणि पुस्तक तिथे थांबतही नाही. त्यानंतर पुन्हा रडणे आहे, आणि शेवटच्या ओळीत, तू आम्हांला अगदीच टाकून दिलेस काय, ही शंका आहे. पवित्र शास्त्राने ती शंका पुसून टाकली नाही. म्हणून तुम्ही आज अठराव्या वचनापाशी उभ्या असाल, तर शास्त्राच्या बाहेर गेलेल्या नाहीत.

माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मला कित्येक महिने प्रार्थना करता येत नव्हती. मंडळीतल्या एक वयस्क बाई दवाखान्यात येत, स्टूल ओढून बसत आणि म्हणत, ‘‘आज तुझ्या वाटचं मी म्हणते, तू नुसती बस.’’ मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात त्या पक्षाघाती माणसाला चौघांनी उचलून आणले, छप्पर उघडले आणि खाट खाली सोडली, तेव्हा येशूने पाहिला तो ‘त्यांचा’ विश्वास, असे मार्क लिहितो. खाटेवरच्या माणसाने तोवर एक शब्दही उच्चारल्याची नोंद नाही. हे मला फार उशिरा कळले. उपासनेत शेजारची बहीण ‘परमेश्वर चांगला आहे’ म्हणते, तेव्हा ती तुमच्या वाटचेही म्हणते आहे, असे समजून तिथे बसा. ओठ उघडतील तेव्हा उघडतील. तोवर जाणे मात्र सोडू नका.

मुलाला काय सांगायचे? तुमचे ‘हो’ खोटे नव्हते, ते अपुरे होते. त्याला जवळ घेऊन सांगा की, बाबांचे आजारपण वाईट आहे, आईला देवाचा रागही येतो आणि तो राग ती देवालाच सांगते. मग त्याला लाजाराची गोष्ट वाचून दाखवा. मार्था आणि मरीया या दोघी बहिणींनी येशूला तोंडावर एकच गोष्ट सुनावली की, तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. त्याने त्यांना दटावले नाही. थोड्याच वेळात आपण लाजाराला उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. देवाचा चांगुलपणा मी बाबांच्या तब्येतीवरून ओळखत नाही, तो या रडणाऱ्या येशूवरून आणि त्याच्या वधस्तंभावरून ओळखते, असे आपल्या शब्दांत त्याला सांगा. दहा वर्षांच्या मुलाला हे पुरते कळणार नाही, पण आई आपल्यापासून काही लपवत नाही, हे नक्की कळेल.

सकाळी उठूच नये असे वाटते, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मला मात्र त्या ओळीपाशी थांबावेसे वाटते. चौदा महिने रात्री-अपरात्री उठून कूस बदलणारे, भरवणारे, कपडे बदलणारे शरीर थकते आणि त्याबरोबर मनही खचते. हे पाप नव्हे. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताकरवी भाकरी आणि पाणी दिले, पुन्हा झोपू दिले आणि पुन्हा खाऊ घातले. बोलणे त्यानंतर झाले. म्हणून याच आठवड्यात स्वतःसाठी डॉक्टरांना भेटा आणि ही ओळ त्यांना जशीच्या तशी सांगा. जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर आठवडाही थांबू नका. त्याच क्षणी जवळच्या माणसाला बोलवा आणि दवाखाना गाठा. पाळकांनाही स्पष्ट सांगा की, प्रार्थनेबरोबर मला आठवड्यातून दोन रात्री कोणीतरी पतींजवळ बसायला हवे आहे. आपणहून मागितल्याशिवाय लोकांच्या हे लक्षात येत नाही, असा माझा अनुभव आहे.

मोठ्या प्रार्थनेचे बळ नसेल, तर तेरावे स्तोत्र पतींच्या उशाशी बसून मोठ्याने वाचा. ते अवघ्या सहा वचनांचे आहे आणि त्यातल्या पहिल्या दोन वचनांत ‘कोठवर?’ हा प्रश्न चार वेळा येतो. तेवढी दोनच वचने वाचून झाली आणि पुढे जाववले नाही, तर त्या रात्री तिथेच थांबा, आणि उरलेली चार मुलाला वाचू द्या.

तुमची,
ताई