फोन खिशात असताना मनगटावर घड्याळ कशाला?

प्रश्न : नवऱ्याला पन्नाशीला घड्याळ द्यायचंय. तो एका ऑटोमॅटिक, म्हणजे सेलशिवाय हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या घड्याळावरच अडून बसलाय, आणि दुकानदार स्वतःच सांगतो की हे रोज काही सेकंद पुढेमागे होणार. त्याच्या दहाव्या हिश्शात मिळणारं सेलवर (बॅटरीवर) चालणारं घड्याळ जास्त अचूक चालतं. मग जास्त पैसे देऊन कमी अचूक वस्तू लोक का घेतात? हा निव्वळ शोऑफ नाही का?

उत्तर : शोऑफ म्हणून एका फटक्यात निकालात काढू नका. काही लोक दाखवायला घेतात हे खरंच आहे, पण तुमचे मिस्टर एकाच मॉडेलवर अडून बसलेत म्हणजे त्यांना त्यात काहीतरी दिसलंय.

अचूकतेच्या शर्यतीचा निकाल कधीच लागलाय. २५ डिसेंबर १९६९ ला सेइकोने अ‍ॅस्ट्रॉन हे क्वार्ट्झवर चालणारं मनगटी घड्याळ विकायला काढलं आणि तिथून गणितच बदललं. आजच्या सेलच्या घड्याळात क्वार्ट्झ या स्फटिकाचा बारीकसा तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो, सर्किट ती थरथर मोजतं आणि सेकंद झाला की काटा एक घर पुढे टाकतं, त्यामुळे साध्यातलं साधं घड्याळही महिन्याला जेमतेम पंधरा-वीस सेकंद चुकतं. उलट स्वित्झर्लंडमधलं कॉस्क या घड्याळं तपासणाऱ्या संस्थेचं क्रोनोमीटर, म्हणजे अचूकतेचं सर्टिफिकेट मिळवणाऱ्या मेकॅनिकल (स्प्रिंगवर चालणाऱ्या, ऑटोमॅटिकही त्यातलंच) मशीनलाही दिवसाला सरासरी ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. म्हणजे मेकॅनिकल घेणारा माणूस अचूकतेसाठी घेतच नाही, आणि हे त्याला चांगलं माहीत असतं.

मग तो काय घेतो? एकदा दुकानात दोन्ही घड्याळं शेजारी ठेवून फक्त सेकंद काटा बघा. सेलवाला टक करून थांबतो, परत टक. ऑटोमॅटिकमधलं मशीन बऱ्याचदा तासाला २८,८०० ठोक्यांचं असतं, म्हणजे सेकंदाला आठ बारीक पावलं, त्यामुळे काटा सरकत गेल्यासारखा दिसतो. मागे काच असेल तर घड्याळ उलटं करा, ठोके राखणारं बॅलन्स व्हील हे चाक इकडून तिकडे झुलत असतं आणि हात हलला की रोटर हा वजनदार तुकडा गरकन फिरून स्प्रिंगला चावी देतो. सेल नाही, चार्जिंग नाही, आपल्याच हाताच्या हालचालीवर चालतं. फोनच्या पोटात काय चाललंय ते आपल्याला कधीच दिसत नाही, इथे सगळं डोळ्यासमोर चालू असतं, आणि याचा आनंद ज्याला होतो त्याला खरोखर होतो.

दुसरं कारण म्हणजे गोष्ट. खोल पाण्यात उतरणाऱ्यांसाठी बनवलेली डायव्हर घड्याळं घेणारे बहुतेक लोक आयुष्यात कधी डुबकी मारत नाहीत. तरी घेतात, कारण भक्कमपणा आवडतो, काटे अंधारात दिसतात, आणि मनगटावर समुद्राची थोडी ओढ बसते. मला यात काही वावगं वाटत नाही. गोष्टीला किती किंमत येऊ शकते बघा, नट पॉल न्यूमनचं रोलेक्स डेटोना २०१७ च्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं, ते त्याला बायकोने दिलेलं आणि मागे ‘ड्राइव्ह केअरफुली मी’ असं कोरलेलं होतं.

तेव्हा घ्या त्यांना हवं तेच. फक्त दर काही वर्षांनी सर्व्हिसिंगचा खर्च येतो, तो आधी विचारून ठेवा.

प्रश्न : माझ्या मुलीला ‘जेन्ट्स’ घड्याळच आवडतं. घरचे नाकं मुरडतात. घेऊ का?

उत्तर : बिनधास्त घ्या. एकेकाळी मनगटी घड्याळ हाच बायकांचा दागिना समजला जायचा, पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवायचे. पहिल्या महायुद्धात खंदकात दोन्ही हात अडकलेले असताना खिशातून घड्याळ कोण काढणार, म्हणून सैनिकांनी ते मनगटावर बांधलं आणि तिथून पुरुषांमध्ये ते सर्रास झालं. तेव्हा जेन्ट्स-लेडीजचं सोडा, माप बघा. डायल किती मिलीमीटरची एवढंच बघून चालत नाही, पट्टा जिथे अडकतो ती वरची आणि खालची टोकं मनगटाच्या कडेबाहेर यायला नकोत, आली तर घड्याळ दिवसभर टोचतं आणि मग ड्रॉवरमध्येच पडून राहतं. ऑनलाइन मागवण्याआधी हे माप बघाच.

प्रश्न : डायलवर ‘३० मीटर’ लिहिलंय, पोहताना घालू शकतो ना?

उत्तर : नाही. तो आकडा टेस्टमधल्या दाबाचा असतो, तेवढ्या खोल जा असा त्याचा अर्थ नाही. ३० मीटर म्हणजे हात धुताना पाणी उडालं तर चालेल एवढंच. पोहायला निदान १०० मीटरचं घ्या, आणि पाण्यात चावी बाहेर ओढू नका.