‘थ्रिलर’चा व्हिडिओ आज पाहताना हसू येते, तरी त्याला ऐतिहासिक का म्हणतात? त्याचा नेमका प्रभाव कशावर पडला?

मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’मधील भुतांचा मेकअप ‘आता अगदीच हास्यास्पद वाटतो’ असे आपण प्रश्नाच्या खुलाशात लिहिले आहे. बाकीच्या प्रश्नाचे उत्तर कुणीही देईल. मी सांगलीत हौशी नाटकांची रंगभूषा करणारा माणूस आहे आणि केवळ या एका वाक्यामुळे लिहायला बसलो आहे. त्या व्हिडिओच्या दबदब्यात निम्म्याहून अधिक वाटा रंगभूषेचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे, आणि नाचाचे गोडवे गाणाऱ्यांनी तो वाटा आजवर कुणाच्या नजरेस येऊ दिलेला नाही.

मुळात हे प्रकरण सुरू झाले तेच रंगभूषेमुळे. दिग्दर्शक जॉन लँडिस यांचा १९८१ सालचा ‘ॲन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन’ हा चित्रपट जॅक्सनने पाहिला, त्यातील माणसाचा लांडगा होण्याचा प्रसंग त्याच्या मनात भरला आणि आपल्यालाही असेच रूप पालटायचे आहे, म्हणून त्याने लँडिस यांना गाठले. तो प्रसंग उभा करणारे रिक बेकर यांना त्याच कामासाठी ऑस्कर मिळाले होते, आणि रंगभूषेसाठी नियमित ऑस्कर देण्यास सुरुवात झाली त्या वर्षीचे ते पहिलेच मानकरी होते. ‘थ्रिलर’साठी बेकर यांनी लांडगा टाळून मांजराच्या जातीचे जनावर निवडले. जॅक्सनच्या चेहऱ्याचा साचा घेतला, त्यावर रबरी तुकडे घडवले, कातडीखाली काहीतरी सळसळते आहे असा भास व्हावा म्हणून फुगणाऱ्या पिशव्या वापरल्या आणि डोळ्यांत पिवळी भिंगे बसवली. संगणकाने चेहरे पालटण्याची सोय तेव्हा नव्हती. जे दिसते ते सगळे खरोखर चेहऱ्यावर चढवलेले आहे.

पण माझा मुद्दा त्या जनावराचा नाही, स्मशानातून उठून येणाऱ्या मढ्यांचा आहे. ती सगळी वेगवेगळी आहेत. एकाच्या तोंडातून काळसर द्रव ओघळतो, एकाचा हात चालता चालता गळून पडतो, कुणाचे केस शाबूत आहेत तर कुणाची कवटी उघडी पडली आहे, आणि कपड्यांवरून प्रत्येक जण निराळ्या काळात पुरलेला वाटतो. स्वतः बेकर आणि त्यांचे काही सहकारीही त्या घोळक्यात मढी होऊन वावरले आहेत. अशी एकमेकांशी काडीचे साम्य नसलेली प्रेते जेव्हा एका रांगेत उभी राहतात आणि एकाच ठेक्याला एकच खांदा उडवतात, तेव्हा अंगावर काटा येतो. सगळे चेहरे सारखे असते तर ती नुसती कवायत झाली असती.

हे मी सांगलीतल्या एका नृत्यदिग्दर्शकाला पूर्वी सांगून पाहिले होते. १ नोव्हेंबर १९९६ रोजी जॅक्सन मुंबईत, अंधेरीच्या क्रीडासंकुलात कार्यक्रम करून गेला, आणि त्या हिवाळ्यात एकही स्नेहसंमेलन त्याच्या नाचावाचून पार पडले नसेल. आमच्याकडच्या एका महाविद्यालयाने थेट ‘थ्रिलर’च करायचे ठरवले. वीसेक मुले होती, नृत्य बसवायला हे सर होते आणि रंगभूषा माझ्याकडे होती. लॅटेक्स, म्हणजे रंगभूषेचे द्रव रबर, आमच्या गावात मिळण्याची शक्यता नव्हती, म्हणून मी स्पिरिट गमवर (चेहऱ्याला लावायच्या डिंकावर) टिश्यू पेपरचे थर चढवून सोललेली कातडी केली, कापसाच्या वाती चिकटवून जखमांचे काठ उभारले, सफेत्यात पिवडी आणि काजळी घोटून प्रेताचा रंग तयार केला आणि प्रत्येक मुलाचा चेहरा निराळ्या जागी कुजवला. एकाच्या तोंडातून सोडण्यासाठी गुळाच्या पाकात कॉफी घोटून ठेवली होती; ती मात्र रंगमंच निसरडा होईल म्हणून सरांनी आधीच बाद केली, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. प्रवेशाला थोडाच अवकाश असताना सर विंगेत आले, मुलांकडे पाहून ‘हे एकसारखे दिसत नाहीत’ म्हणाले आणि माझ्यासमोर सगळ्यांना तोंडे पुसून सरसकट पांढरी पावडर फासायला लावली. ‘अहो, शेवटच्या रांगेतून चेहरे दिसतात कुणाला?’ हा त्यांचा युक्तिवाद होता. पडदा उघडला तेव्हा पोरे पिठाच्या गिरणीतून नुकतीच बाहेर पडल्यासारखी दिसत होती, आणि त्याच शेवटच्या रांगेतून कुणीतरी ओरडले, ‘दळण झालं का रे?’ सभागृह जे हसू लागले ते गाणे संपेपर्यंत थांबले नाही. पावले चोख पडली असल्यामुळे पहिले पारितोषिक मिळाले, आणि तेव्हापासून सर ते पारितोषिकच पुरावा म्हणून माझ्यापुढे ठेवत आले आहेत.

आता प्रभावाविषयी, कारण आपण तेही विचारले आहे. २ डिसेंबर १९८३ रोजी एमटीव्ही या संगीत वाहिनीवर ‘थ्रिलर’ प्रथम दाखवला गेला. गाण्याचे व्हिडिओ तीन-चार मिनिटांत आटोपत असताना हा जवळजवळ १४ मिनिटांचा होता आणि त्याला कथानक होते. ध्वनिमुद्रिकेत अधूनमधून येणारे ध्रुवपद येथे राखून ठेवले आहे. आधी कडवी, मग भयपटांतले नट व्हिन्सेंट प्राइस यांचा घुमणारा आवाज, मग मढ्यांचा नाच आणि त्यानंतर कुठे ध्रुवपद येते. त्या क्षणी जॅक्सनचा चेहरा पुन्हा माणसाचा होतो आणि मागची मढी मढीच राहतात, हे पुन्हा पाहाल तेव्हा जरूर टिपा. खर्चाची तोंडमिळवणी व्हावी म्हणून चित्रीकरणाचाच तासाभराचा माहितीपट करून वाहिन्यांना विकला गेला, आणि पुढे त्याच्या कॅसेटही धडाक्याने खपल्या. ‘थ्रिलर’ याच नावाचा, वर्षभर जुना झालेला अल्बम या व्हिडिओमुळे पुन्हा जोराने विकला जाऊ लागला. अमेरिकेतील अल्बमांच्या लोकप्रियतेच्या यादीत तो एकूण ३७ आठवडे पहिल्या स्थानी होता. २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट नोंदवहीत, म्हणजे जतन करायच्या चित्रपटांच्या यादीत, ‘थ्रिलर’च्या व्हिडिओची निवड झाली, आणि तो मान मिळवणारा तो पहिलाच संगीत व्हिडिओ ठरला. आपल्या देशात तर १९८५ सालीच ‘दोंगा’ या तेलुगू चित्रपटात चिरंजीवी भुतांच्या घोळक्यात नाचले होते. इतका प्रभाव पुरे व्हावा.

सरांची बाजू थोडी मांडायला हवी, नाहीतर ते मला फोन करतील. मायकल पीटर्स यांनी जॅक्सनबरोबर बसवलेला तो नाच असामान्य आहे यात वाद नाही. ताठरलेल्या देहाला जमेल तेवढेच त्यात ठेवले आहे, म्हणूनच लग्नाच्या हॉलपासून चौकापर्यंत कुणीही तो शिकू शकतो. २००७ साली फिलिपिन्समधील सेबू येथील तुरुंगात दीड हजारांच्या आसपास कैद्यांनी नारिंगी गणवेशात, मेकअपवाचून तो नाच केला आणि जगभर गाजवला. ती चित्रफीत सरांनी मला आवर्जून पाठवली होती. तेथे रंगभूषेचे काम त्या गणवेशाने आणि भोवतीच्या भिंतींनी केले, असे मी त्यांना कळवले. ते त्यांना अजून पटलेले नाही. जॅक्सनच्या खासगी आयुष्यावरील गंभीर आरोपांमुळे कुणाला हे सगळे पाहवत नसेल, तर त्यांच्याशी मी वाद घालणार नाही.

आपण मात्र एक करा. मोबाइलवर न पाहता मोठ्या पडद्यावर, खोलीत अंधार करून, स्मशानाच्या प्रसंगापासून आवाज बंद ठेवून पाहा, आणि मधल्या जॅक्सनकडे दुर्लक्ष करून दुसऱ्या रांगेतील चेहरे एकेक करून न्याहाळा. त्यानंतरही हसूच आले तर येथेच खाली लिहा. सर ते वाचतील आणि खूश होतील.