दहा अंक कोणी मोजले? मुष्टियुद्धाच्या इतिहासाविषयी प्रश्नोत्तरे

प्रश्न : माझा मुलगा नुकताच बॉक्सिंगला जाऊ लागला आहे. पूर्वी उघड्या मुठींनी लढत असत आणि खेळाडूंचे जीव वाचावेत म्हणून पुढे ग्लोव्हज आले, असे त्याला सांगण्यात आले. हे खरे आहे का?

उत्तर : अर्धे खरे आहे. लंडनचा मुष्टियोद्धा जॅक ब्रॉटन याने १७४३ मध्ये लढतींचे लेखी नियम केले आणि चार वर्षांनी आपल्या शिकवणीची जाहिरात करताना असे आश्वासन दिले, की सरावासाठी मऊ हातमोजे दिले जातील, त्यामुळे काळेनिळे डोळे, मोडके जबडे आणि रक्ताळलेली नाके यांची धास्ती उरणार नाही. म्हणजे चेहरा वाचवण्याचा हेतू होताच, पण तो चेहरा शिकायला येणाऱ्या बड्या घरच्या मंडळींचा होता. पैजेच्या लढती त्यानंतरही शंभराहून अधिक वर्षे उघड्या मुठींनीच होत राहिल्या. ग्लोव्हज आवश्यक ठरवणारे नियम १८६७ मध्ये प्रसिद्ध झाले. ते ‘क्वीन्सबेरीचे नियम’ म्हणून ओळखले जात असले, तरी लिहिले जॉन ग्रॅहम चेंबर्स यांनी. क्वीन्सबेरीचा मार्क्विस या उमरावाने नियमांना आपले नाव तेवढे दिले.

आता जिवाचा प्रश्न. मूठ आवळून करंगळीच्या मागचे, तळहातातले हाड दुसऱ्या हाताने चाचपून पाहावे. जेमतेम पेन्सिलीएवढ्या जाडीचे हे हाड कपाळाच्या कवटीवर जोरात आदळले, तर काय मोडेल ते सांगायला नको. म्हणूनच उघड्या मुठीने लढणारा डोक्यावर बेताने आणि अंगावर जास्त मारत असे. बँडेज आणि ग्लोव्हज यांनी हात सुरक्षित केला आणि त्याबरोबर डोक्यावर पुन्हा पुन्हा ठोसे मारण्याची सोयही झाली. मेंदूला इजा होते ती डोके झटक्याने हलल्यामुळे आणि फिरल्यामुळे, आणि हा झटका ग्लोव्हजच्या गादीने पुरेसा थांबत नाही. हॅरिसन मार्टलंड या अमेरिकी डॉक्टरांनी मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूविकाराचे ‘पंच ड्रंक’ या नावाने वर्णन केले ते १९२८ मध्ये, म्हणजे ग्लोव्हजच्या ऐन काळात. हेडगार्डबद्दलही, म्हणजे डोक्यावर घालायच्या गादीदार टोपाबद्दलही, असाच गैरसमज आहे. तो जखमा आणि खोका टाळतो, मेंदूला बसणारा हादरा टाळण्याची हमी देत नाही. वरिष्ठ पुरुष खेळाडूंचा हेडगार्ड आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ मध्ये काढला आणि रिओ ऑलिंपिकमध्ये पुरुष त्याविनाच लढले. आपल्या मुलाने मात्र सरावात तो अवश्य घालावा. भुवई फाटणे हीदेखील लहान इजा नव्हे.

प्रश्न : जॉन सलिव्हन हा एका लढतीत पंचाहत्तर फेऱ्या लढला होता असे वाचले. आजच्या बारा फेऱ्यांपुढे हा माणूस अचाटच म्हणायचा का?

उत्तर : तो दणकट होता यात शंका नाही, परंतु ही तुलना चुकीची आहे. ८ जुलै १८८९ रोजी मिसिसिपीतील रिचबर्ग येथे जेक किलरेनशी झालेली ही लढत जुन्या लंडन नियमांनी झाली, आणि त्या नियमांत फेरी घड्याळावर संपत नसे. कोणी एक जमिनीवर पडला की संपे. पडलेल्याने अर्ध्या मिनिटाच्या विश्रांतीनंतर पुन्हा मधल्या रेषेवर येऊन उभे राहायचे. त्यामुळे काही फेऱ्या क्षणांत आटोपत आणि दमलेला खेळाडू हलक्या ठोशावरही खुशाल गुडघा टेकून श्वास घेई. तीन मिनिटांच्या हिशेबाने पंचाहत्तर फेऱ्यांना, विश्रांती न धरताही, पावणेचार तास लागले असते. ही लढत सव्वादोन तासांच्या आसपास संपली. अर्थात, जुलैच्या उन्हात तेवढेही पुष्कळच.

प्रश्न : १९२७ मध्ये जॅक डेम्प्सीने जीन टनीला चौदा सेकंद खाली पाडले होते, तरीही पंचाने त्याला उठू दिले. डेम्प्सीचे विजेतेपद लुबाडले गेले, असेच ना?

उत्तर : या खेळात इतका चिवट वाद दुसरा नसेल. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोच्या सोल्जर फील्डवर सातव्या फेरीत हेवीवेट विजेता टनी खाली पडला. पडलेला खेळाडू पंचाने दहा अंक मोजेपर्यंत उठला नाही, तर तो हरतो; यालाच नॉकआउट म्हणतात. इलिनॉयमधील नियम असा होता, की पाडणाऱ्याने आधी दूरच्या तटस्थ कोपऱ्यात, म्हणजे दोघांपैकी कोणाचाच नसलेल्या कोपऱ्यात, जायचे, आणि तो जाईपर्यंत मोजणी करायची नाही. पंच डेव्ह बॅरी यांनी लढतीपूर्वी दोघांनाही हे बजावले होते. डेम्प्सी मात्र जुन्या सवयीने टनीजवळच उभा राहिला. १९१९ मध्ये टोलेडोत त्याने जेस विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, तेव्हा उठणाऱ्याच्या उशाशी उभे राहून पुन्हा मारणे चालत होते. ती सवय त्याला आठ वर्षांनी नडली. बॅरी यांनी हात दाखवून त्याला कोपऱ्यात पिटाळले आणि मग ‘एक’पासून मोजायला सुरुवात केली, नवाला टनी उभा होता. आपण आधीही उठू शकलो असतो, असे टनी पुढे सांगत असे. त्यावर विश्वास ठेवावा की नाही हे ज्याने त्याने ठरवावे, पण घड्याळ पाहून नव्हे तर पंचाचे अंक ऐकून उठायचे असते, हे खरे आहे. डेम्प्सीच्या बाजूची एक तक्रार मात्र मला रास्त वाटते : आठव्या फेरीत टनीने त्याला पाडले तेव्हा मोजणीला असा विलंब झाला नाही. बाकी, दहा फेऱ्यांच्या गुणांवर टनीच पुढे होता.

प्रश्न : अली आडव्या पडलेल्या सॉनी लिस्टनवर ओरडतो आहे, हे छायाचित्र आमच्या व्यायामशाळेत लावलेले आहे. तो नॉकआउटचाच क्षण आहे का? आणि ती लढत ठरवून हरलेली होती का?

उत्तर : नॉकआउटचा नाही. २५ मे १९६५ रोजी मेन राज्यातील लुइस्टन येथे ठोसा बसून लिस्टन पडला, त्यानंतरचा हा क्षण आहे. आडवा धरलेला हात पाहून ‘हाच तो ठोसा’ असे वाटते खरे, पण अली ‘ऊठ आणि लढ’ म्हणून ओरडत आहे. गंमत अशी, की डेम्प्सीची चूक येथे अलीने केली. तोही तटस्थ कोपऱ्यात गेला नाही. पंच जर्सी ज्यो वॉलकॉट, म्हणजे स्वतः माजी हेवीवेट विजेते, अलीला आवरण्यात गुंतले आणि मोजणी अशी झालीच नाही. लिस्टन उठला, दोघे पुन्हा भिडलेही. तेवढ्यात रिंगबाहेरून ‘द रिंग’ मासिकाचे संपादक नॅट फ्लायशर यांनी वॉलकॉटना बोलावून दहा सेकंद केव्हाच उलटल्याचे सांगितले आणि लढत थांबली. शिकागोत नियम पाळला म्हणून पंचाला शिव्या बसल्या, येथे तो न पाळता निकाल लागला. ठोसा बसलाच नाही, हा प्रवाद मात्र सोडून द्यावा. चित्रफितीत लिस्टनच्या डाव्या हातावरून आलेला आखूड उजवा ठोसा दिसतो. तेवढ्याने लिस्टनसारखा माणूस पडावा का, हा संशय मलाही येतो, पण संशय म्हणजे पुरावा नव्हे.

प्रश्न : रॉकी मार्सियानो हा एकमेव अपराजित विजेता आहे ना?

उत्तर : हेवीवेट विजेत्यांपुरते म्हणाल तर होय; ४९ लढती, ४९ विजय, आणि १९५६ मध्ये निवृत्ती. टनीही विजेता असतानाच निवृत्त झाला, पण १९२२ मध्ये तो हॅरी ग्रेबकडून हरलेला होता. इतर वजनगटांत मात्र ज्यो काल्झागी ४६-० आणि फ्लॉइड मेवेदर ५०-० असे अपराजित राहिले. मेवेदरचा पन्नासावा विजय व्यावसायिक मुष्टियुद्धात पहिल्यांदाच उतरलेल्या कॉनर मॅकग्रेगरवर होता, हे लक्षात असू द्यावे. आणि मार्सियानोचे ४९-० हे फक्त व्यावसायिक लढतींचे आहे. हौशी लढतींत तो हरलेला आहे.