३८४ फॉर्म भरले की झाली का पीएचडी?

या महिन्यात पत्रं बरीच आली आणि निम्म्याहून जास्त पत्रांत एकच आकडा, सॅम्पलचा ३८४, म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते.

प्रश्न: मॅडम, माझा विषय 'जीएसटीचा लघुउद्योगांच्या हिशेबपद्धतीवर झालेला परिणाम, सांगली जिल्ह्याच्या विशेष संदर्भात' असा आहे. गाइड म्हणतात सॅम्पल ३८४च पाहिजे. गूगल फॉर्म सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, दोन महिन्यांत १९० आले. मैत्रिणी म्हणतात उरलेले घरी बसून भर, कोण बघतंय. काय करू?
– संशोधक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: भरू नका. नीतिमत्ता वगैरे सोडाच, असे फॉर्म पकडले जातात. एकाच हाताने भरलेली उत्तरं एकमेकांशी इतकी गोड जुळतात की क्रॉनबाक अल्फा (प्रश्नावलीतली उत्तरं आपसात किती जुळतात ते सांगणारा आकडा, जास्तीत जास्त १) ०.९७ येतो आणि व्हायव्हाला, म्हणजे प्रबंधाच्या तोंडी परीक्षेला, आलेला बाहेरचा परीक्षक नेमका त्याच पानावर थांबतो.

आता हा ३८४ आला कुठून ते बघा, कारण बहुतेकांना तो वरून आलेला आदेश वाटतो. १९७० मध्ये क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी किती लोकसंख्येला किती सॅम्पल पुरे याचा एक तक्ता छापला, त्यातला एक लाख लोकसंख्येपुढचा आकडा म्हणजे ३८४. गणित शाळेतलं आहे, १.९६ चा वर्ग गुणिले ०.५ गुणिले ०.५ भागिले ०.०५ चा वर्ग, उत्तर ३८४.१६. त्याच तक्त्यात ५०० लोकसंख्येला २१७ पुरतात, पण ती ओळ कोणी वाचत नाही. आणि मुख्य म्हणजे हे गणित तेव्हाच लागू पडतं जेव्हा तुमच्याकडे सगळ्या उद्योगांची यादी असते आणि त्यातून चिठ्ठ्या टाकल्यासारखी नावं निघतात. ग्रुपवर लिंक टाकली, ज्याला वेळ होता त्याने भरली, अशा सॅम्पलला ३८४ काय आणि ३८४० काय, चूक पाच टक्क्यांच्या आत राहील (गणितातला ०.०५ तो हाच) याची हमी मिळत नाही. तेव्हा १९० ठेवा, ते कसे आले ते सरळ लिहा, आणि पहिल्या आठवड्यात आलेले फॉर्म आणि आठवण करून दिल्यावर आलेले फॉर्म यांत फरक दिसतो का ते तपासा. म्हणजे ज्यांनी भरलेच नाहीत त्यांच्याबद्दल थोडाफार अंदाज येतो.

पण खरं सांगू का, माझी अडचण १९० ची नाहीच. विषय हिशेबपद्धतीचा आहे आणि तुम्ही विचारताय 'जीएसटीमुळे हिशेब सोपे झाले असे आपणांस वाटते का', त्यावर मालक 'सहमत' टिक करतो, आणि त्याची वही तर रविवारी सकाळी येणारा पार्टटाइम अकाउंटंट लिहितो! मग परिणाम कोणावर झाला आणि विचारलं कोणाला? असे पंधरा-वीस अकाउंटंट गाठा, दोन तास बसा. जमलं तर आठ-दहा युनिट्सचं टॅली (हिशेबाचं सॉफ्टवेअर) उघडायला सांगा, जीएसटी आला त्या जुलै २०१७ च्या आधीचं आणि नंतरचं, लेजर, म्हणजे खाती, किती वाढले, खरेदीच्या नोंदी रोज पडतात की रिटर्नच्या आदल्या रात्री, हे डोळ्यांनी बघा. कंपोझिशनवाले (छोट्या उद्योगांसाठीची सोपी जीएसटी स्कीम घेतलेले) आणि रेग्युलरवाले यांची तुलना करायचा मोह होईल, करा, पण कंपोझिशन त्यांनी स्वतः निवडलेलं असतं, त्यामुळे दिसलेला फरक स्कीममुळे की मुळात माणसंच वेगळी होती, हा प्रश्न प्रबंधात तुम्हीच आधी विचारा. नाहीतर परीक्षक विचारेल.

माझ्या स्वतःच्या प्रबंधात एकेचाळीस पाय चार्ट होते, त्यामुळे मी कोणाला हसत नाहीये.

प्रश्न: प्रोवेस या भारतीय कंपन्यांच्या डेटाबेसमधून २००५ ते २०२३ चा डेटा घेऊन मॉडिफाइड जोन्स मॉडेलने अर्निंग्ज मॅनेजमेंट, म्हणजे नफ्याचे आकडे किती वाकवले ते, काढलं. रिव्ह्यूअर म्हणतो मापनच पटत नाही. चुकलं कुठे?
– सहायक प्राध्यापक, नागपूर

उत्तर: सर, मुळात जोन्सबाईंनी १९९१ च्या पेपरमध्ये काय केलं होतं ते आठवा. अमेरिकेतल्या ज्या कंपन्या आयातीपासून संरक्षण मागत होत्या त्यांची चौकशी चालू असताना नफा कमी दाखवण्यात त्यांचा फायदा होता, म्हणजे कोण, कधी आणि कोणत्या दिशेला आकडे वाकवेल हे आधीच माहीत होतं. मॉडेल नंतर आलं, विक्री आणि मालमत्तेवरून ॲक्रुअल्स, म्हणजे नफ्यातला रोखीत न आलेला भाग, किती असायला हवेत ते सांगणारं. १९९५ मध्ये डेको, स्लोन आणि स्वीनी यांनी विक्रीतल्या वाढीतून उधारीची वाढ वजा केली तेच तुमचं मॉडिफाइड. आपण मात्र मॉडेल आधी लावतो आणि जे समजलं नाही, जो उरलेला गाळ, त्याला 'मॅनेजमेंट' म्हणतो. कंपनी नुसती झपाट्याने वाढत असेल तरी ती त्या गाळात सापडते.

आता डेटाकडे या. २०१३ च्या कायद्याआधी आपल्या कंपन्या ९, १५, कधी १८ महिन्यांचंही 'वर्ष' दाखवायच्या, प्रोवेसमध्ये महिन्यांचा कॉलम असतो, तो तुम्ही बघितलात का? १५ महिन्यांची विक्री १२ महिन्यांशी लावली की गाळ आपोआप तयार. दुसरं, ५०० कोटी किंवा जास्त नेटवर्थवाल्या कंपन्या १ एप्रिल २०१६ पासून इंड एएस या नव्या हिशेब-मानकांमध्ये गेल्या, उरलेल्या लिस्टेड कंपन्या पुढच्या वर्षी. तिथे ताळेबंदाची मापंच बदलतात, त्यामुळे दोन ताळेबंदांची वजाबाकी करून ॲक्रुअल्स काढले असतील तर त्या दोन वर्षांत अख्खा कॉर्पोरेट भारत लबाड दिसेल. ॲक्रुअल्स कॅश फ्लो स्टेटमेंटमधून घ्या. बँका आणि फायनान्स कंपन्या बाहेर काढा, एका इंडस्ट्रीत एका वर्षी पाच-सातच कंपन्या असतील तर तिथे रिग्रेशन चालवू नका, स्टँडर्ड एरर कंपनीनुसार क्लस्टर करा. एवढं करून पाठवा, मग बघू रिव्ह्यूअर काय म्हणतो.

प्रश्न: माझा पी व्हॅल्यू ०.०६ आलाय, ०.०५ च्या खाली हवा होता, त्याशिवाय निकाल नुसता योगायोग नाही असं कोणी मानत नाही. गाइड म्हणतात 'बघा काही करता येतं का'.
– छत्रपती संभाजीनगर

उत्तर: करता येतं, ०.०६ असं लिहिता येतं. आउटलायर, म्हणजे बाकीच्यांहून फारच वेगळ्या, म्हणून दोन कंपन्या गुपचूप काढल्या की ०.०४ होईल हे मलाही माहीत आहे. काढायच्याच असतील तर का काढल्या ते लिहा आणि दोन्ही टेबल छापा.

प्रश्न: मला एकाच सहकारी साखर कारखान्याचा सखोल अभ्यास करायचाय. कमिटी म्हणते एकावरून निष्कर्ष कसे काढणार?
– कोल्हापूर

उत्तर: राज्यातले सगळे कारखाने असेच वागतात, असा निष्कर्ष नाही काढता येणार, कमिटीचं तेवढं खरं. पण असं का वागतात ते आत शिरल्याशिवाय कळत नाही. उदाहरण देते. एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) शेतकऱ्याला १४ दिवसांत द्यायची, उशीर झाला तर १५ टक्के व्याज, हे शुगरकेन कंट्रोल ऑर्डरमध्ये आहे. मग त्या व्याजाची तरतूद ताळेबंदात दिसते का? नसेल तर ऑडिटर काय म्हणाला, संचालकांनी काय उत्तर दिलं, वार्षिक सभेत एखाद्या सभासदाने उठून विचारलं का? तीच गोष्ट गोदामातल्या साखरेची, तिच्या तारणावर बँकेची उचल असते, त्यामुळे शिल्लक साखरेचं मूल्यांकन हा नुसता अकाउंटिंगचा विषय राहत नाही, आणि ही पोतडी एका प्रश्नावलीत मावत नाही. दहा वर्षांचे छापील अहवाल, ऑडिट रिपोर्ट, सभेची इतिवृत्तं आणि मुलाखती, चारही एकमेकांवर घासून बघा, अहवाल एक सांगेल आणि चीफ अकाउंटंट चहा पिताना दुसरंच. कारखान्याचं नाव प्रबंधात येणार नाही असं लेखी द्या आणि ते पाळा, पण तालुका, गाळप क्षमता, स्थापनेचं वर्ष सगळं लिहून बसलात तर नाव लपवून काय उपयोग, कोल्हापुरात शेंबडं पोरही ओळखेल.

आणि गळीत हंगामात जाऊ नका, तेव्हा कोणाला मान वर करायला वेळ नसतो. मे महिन्यात जा, वर्षअखेरचे हिशेब चालू असतात, बाजूला खुर्ची टाकून बसू दिलं तर तुमचं निम्मं काम तिथेच होईल.