सोलापूरच्या कोरड्या भागात रोजच्या निसर्गातून ख्रिस्ती विश्वासाचे धडे कसे शोधावेत?

शाळूच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या रानापासून सुरुवात करा, पण आधी बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 8 वा अध्याय वाचून मगच बांधावर जा. त्यातल्या पेरणाऱ्याच्या दाखल्यात खडकाळीवर पडलेलं बी ओलाव्याअभावी वाळतं. आपल्याकडे हे डोळ्यांना दिसतं: पाऊस सरला तरी काळ्या रानातली मालदांडी ज्वारी जमिनीत मुरलेल्या ओलीवर तग धरते, मुरमाड तुकड्यातलं ताट मात्र भर दुपारी पानं गुंडाळून घेतं. दोन्हीकडचं एकेक ताट उपटून मुळं बघाच. 13 व्या वचनात प्रभू येशू मूळ नसलेल्यांविषयी, परीक्षेच्या वेळी गळून पडणाऱ्यांविषयीच सांगतो. संडे स्कूलच्या मुलांना मी हे असंच दाखवतो. मात्र दिसेल त्या काडीत अर्थ शोधू नका. रोमकरांस पत्र 1:20 नुसार सृष्टीतून देवाचं सामर्थ्य कळतं, क्रूसावरची क्षमा शास्त्रातूनच कळते.